वर्गात हायपरटेक्स्ट आणि डिजिटल लेखन: शिक्षकांचे वारंवार येणारे प्रश्न

भाषा शिकवणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हायपरटेक्स्ट म्हणजे नेमकं काय? मुलांना वेबसाइट बनवायला शिकवायचं का?

वेबसाइट हा फार तर शेवटचा टप्पा, आणि तो गाळला तरी चालतो. छोटी छोटी पानं लिहायची, ती लिंकांनी एकमेकांना जोडायची आणि पुढे कुठे जायचं ते वाचणाऱ्यावर सोडायचं, एवढंच हायपरटेक्स्ट. हा शब्द अमेरिकन विचारवंत टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये वापरात आणला, म्हणजे वेब येण्याच्या पाव शतक आधी. कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ मध्ये एका लेखात मायक्रोफिल्मवर चालणाऱ्या टेबलाएवढ्या यंत्राचं वर्णन केलं होतं. त्यात वाचणारा स्वतः कागदपत्रं एकमेकांना जोडून आपली वाट राखून ठेवणार होता. ते यंत्र कधी बनलं नाही. पण दोन गोष्टींचं नातं शोधून ते दुसऱ्याला दिसेल असं मांडायचं, हे काम तेव्हाही लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याचंच होतं. लेखनाच्या तासाला आपल्याला तेवढंच हवं आहे.

२. मुलांना साधा निबंध धड लिहिता येत नाही. त्यात हे नवं खूळ कशाला?

खूळ तसं नवं नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात १९८०च्या दशकात ‘इंटरमीडिया’ नावाच्या प्रणालीवर विद्यार्थी साहित्याचा अभ्यास करताना एकमेकांना जोडलेले लेख वाचत आणि त्यात स्वतःची भर घालत. ‘हायपरकार्ड’ हे अॅपलचं कार्डं एकमेकांना जोडायचं सॉफ्टवेअर १९८७ मध्ये आलं आणि बऱ्याच शाळांत पोचलं.

‘आधी निबंध येऊ दे’ हा आक्षेप मात्र गंभीर आहे. निबंध का जमत नाही ते पाहा. बहुतेक वेळा वाक्यं बरी असतात, परिच्छेदांचं एकमेकांशी नातं नसतं. सलग कागदावर हे झाकलं जातं, कारण एकाखाली एक लिहिलं की ते आपोआप जोडल्यासारखं दिसतं. पानं सुटी केली की झाकण उडतं. या पानावरून त्या पानावर का जायचं, याचं उत्तर मुलाला द्यावंच लागतं. उत्तर नसेल तर ते सगळ्या वर्गाला दिसतं.

परीक्षेतल्या सलग निबंधालाही याचा उपयोग होतो, पण परतीचा प्रवास करून घेतलात तरच. जोडलेली पानं तयार झाली की त्यातली एक वाट निवडायला सांगा आणि तीच सलग निबंध म्हणून लिहून घ्या. लिंक जिथे होती तिथे आता जोडणारं वाक्य लागतं. खरा अभ्यास त्या वाक्याचा.

३. वर्गात संगणकच नाही. मग?

कार्डं, दोरा आणि टाचण्या. एका कार्डावर एक मुद्दा, चार-पाच वाक्यांत. ज्या शब्दावरून दुसरीकडे जायचं तो अधोरेखित करायचा आणि शेजारी पुढच्या कार्डाचा क्रमांक लिहायचा. कार्डं फळ्यावर लावून दोरे ओढले की नकाशा तयार. संगणक असला तरी पहिली फेरी अशीच घ्यावी असं माझं मत आहे. बटणं शोधण्यात तास जात नाही.

एकच संगणक आणि प्रोजेक्टर असेल तर कार्डांवरचा मजकूर शिक्षकाने चढवावा आणि पुढची लिंक कुठली उघडायची ते वर्गाने ठरवावं.

४. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

जे आधीच हाताशी आहे ते. गूगल डॉक्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये एका फाइलच्या आत मथळ्यांना लिंक देता येते. स्लाइडच्या सॉफ्टवेअरमध्ये एका स्लाइडवरून कुठल्याही स्लाइडवर उडी मारता येते. सुरुवातीला एवढं पुरतं.

पुढे जायचं असेल तर ट्वाइन, म्हणजे जोडलेली पानं लिहिण्यासाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर. ते मोफत आणि मुक्त-स्रोत आहे, क्रिस क्लायमस यांनी २००९ मध्ये आणलं. शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस टाकले, उदाहरणार्थ [[तलाव]], की लिंक तयार होते आणि त्या नावाचं कोरं पानही. सगळी पानं चौकोन आणि बाणांच्या नकाशात दिसतात, म्हणजे प्रश्न ३ मधला फळाच पडद्यावर येतो. तयार काम ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरतं. ती पेनड्राइव्हवर नेऊन इंटरनेटशिवायही उघडता येते. ट्वाइनचा एक धोका प्रश्न १५ मध्ये आहे. सुरू करण्याआधी तो वाचाच.

५. पहिला तास कसा घ्यायचा? नेमकं सांगा.

विषय असा निवडा की ज्यात ‘का?’ विचारायला भरपूर जागा आहे. ‘माझा आवडता ऋतू’ इथे कामाचा नाही. आपण ‘बर्फ’ घेऊ.

चौघांच्या गटाला तीन कार्डं द्या: ‘बर्फ पाण्यावर का तरंगतो’, ‘फ्रीझरमध्ये ठेवलेली भरलेली बाटली का फुटते’, ‘तलाव वरून का गोठतो’. प्रत्येक कार्डावर पाच वाक्यं. माहिती आधी फळ्यावर द्या, म्हणजे तास शोधाशोधीत जाणार नाही: पाणी गोठताना सुमारे ९ टक्के जास्त जागा व्यापतं, पाणी सर्वांत दाट असतं ते ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याहून गार पाणी हलकं होऊन वर राहतं.

आता जोडायला सांगा. पहिल्या झटक्यात बाटलीच्या कार्डाखाली असं येतं: ‘बर्फ तरंगतो. अधिक माहितीसाठी पान १ पाहा.’ इथे थांबायचं आणि विचारायचं, बाटलीची गोष्ट वाचणाऱ्याने तरंगण्याच्या पानावर का जावं? थोड्या ओढाताणीनंतर वाक्य बदलतं: ‘गोठताना पाणी फुगतं म्हणून बाटली फुटते, आणि *त्याच फुगण्यामुळे बर्फ पाण्यावर तरंगतो*.’ तिरका भाग म्हणजे लिंक. नातं वाक्यातच आलं.

माझ्या मते लिंक शिकवण्याचं सगळं सार इथे आहे. लिंक फक्त ‘या दोघांचा काहीतरी संबंध आहे’ एवढं सांगते. तो संबंध कारणाचा आहे, उदाहरणाचा, विरोधाचा की नुसत्या शेजाराचा, हे ती सांगत नाही. ते वाक्याने सांगायचं. पुढच्या निम्म्या उत्तरांत मी याच मुद्द्यावर परत येणार आहे, त्याला इलाज नाही.

६. मुलं प्रत्येक दुसऱ्या शब्दाला लिंक लावतात. कसं आवरायचं?

मर्यादा घाला: एका पानावरून जास्तीत जास्त तीन लिंका. शिवाय प्रत्येक लिंकसाठी वहीत एक ओळ, ‘वाचणाऱ्याला इथे कोणता प्रश्न पडेल?’ प्रश्न लिहिता आला नाही तर लिंक काढायची. ‘पाणी’ या शब्दाला लावलेली लिंक इथे हमखास पडते, कारण बर्फाबद्दल वाचणाऱ्याला ‘पाणी म्हणजे काय?’ असा प्रश्न पडलेला नसतो.

‘इथे क्लिक करा’ला सरसकट बंदी. लिंकचे शब्द वाचूनच पलीकडे काय आहे ते कळलं पाहिजे. याचं आणखी एक कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

७. पान स्वयंपूर्ण असावं म्हणतात. म्हणजे प्रत्येक पानावर सगळं पुन्हा सांगायचं?

नाही. वाचणारा कुठूनही आला तरी पहिल्या दोन वाक्यांत त्याचे पाय जमिनीला लागले पाहिजेत, एवढीच अट आहे. सलग लेखनाची सवय इथे आडवी येते. मुलांच्या पानांची नुसती पहिली वाक्यं वाचून पाहा. ‘त्यामुळे तलावातले मासे जगतात.’ कशामुळे? ‘मात्र हे नेहमीच खरं नसतं.’ काय खरं नसतं? आधीचं पान वाचलेलं आहे असं मुलाने धरून चाललेलं असतं.

म्हणून तीन गोष्टी तपासायला लावा. पानाचा पहिला शब्द ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘तरीही’ असा नको. पहिल्या वाक्यात ‘तो’, ‘ते’, ‘हे’ आलं तर त्याजागी नाम घालायचं. आणि ‘वर सांगितल्याप्रमाणे’ हद्दपार, कारण हायपरटेक्स्टमध्ये ‘वर’ नावाची जागाच नसते. दुरुस्त पान असं सुरू होतं: ‘तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी सुमारे ४ अंशांचं पाणी उरतं, त्यामुळे मासे जगतात.’ सर्वनामं आणि उभयान्वयी अव्ययं शिकवायला यापेक्षा बरा तास मला माहीत नाही. व्याकरणाच्या तासाला पेंगणारी मुलंही दुसऱ्याच्या पानातला अनाथ ‘तो’ हुडकायला तयार असतात.

८. विकिपीडियाची लिंक लावली की मुलांना वाटतं काम झालं. काय करावं?

बाहेरची लिंक पुराव्यासाठी लावावी, स्पष्टीकरणासाठी नाही. नियम साधा: बाहेरची लिंक लावण्याआधी तिथे काय आहे ते स्वतःच्या एका वाक्यात लिहायचं. वाक्य लिहायचं तर ते पान उघडून वाचावं लागतं. त्याहून पुढचं म्हणजे विकिपीडियाच्या लेखाखालच्या संदर्भांपैकी एक उघडायला लावा आणि लेखातलं विधान तिथे खरंच आहे का ते पाहायला सांगा. कधीकधी नसतं. तो शोध मुलांना फार आवडतो.

९. लिंकांमुळे वाचणाऱ्याचं लक्ष उडतं असं संशोधन आहे ना?

आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले. लिंक दिसली की ‘जावं की नको’ हा निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचा भार वाचनावर पडतो, असा त्याचा कल होता. विषयाची आधी ओळख नसलेल्या वाचकाला हे जास्त जड जातं.

म्हणून वर्गात हायपरटेक्स्ट लिहिणं आणि नवा धडा हायपरटेक्स्टमधून शिकवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिलीसाठी हे उत्तम साधन आहे. नवा, अवघड धडा मात्र सलग मजकुरातूनच द्यावा. लेखनातही परिच्छेदाच्या मधल्या लिंका शेवटच्या वाक्यात सरकवल्या की त्रास बराच कमी होतो.

१०. हाताने लिहिणं बंद करायचं का? आणि मराठी टायपिंगचं काय?

बंद अजिबात नको. पण हाताच्या बाजूने जो पुरावा दिला जातो तो जपून वापरा. लॅपटॉपवर टिपणं काढणारे विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात, असं सांगणारं २०१४ सालचं संशोधन खूप गाजलं. २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा लॅपटॉपवाले जास्त शब्द आणि जास्त शब्दशः लिहितात हे पुन्हा दिसलं, चाचणीतला फरक मात्र दिसला नाही. माझी विभागणी अशी: विचार जुळवताना कागद, फिरवाफिरव करताना पडदा.

टायपिंगसाठी युनिकोडच वापरा, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दिसावीत यासाठी ठरवलेली सर्वमान्य पद्धत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य रोमन अक्षरं दिसतात, आणि त्यात मराठी शब्द शोधताही येत नाही. बोलून टाइप करणं कच्च्या खर्ड्याला चांगलं, पण विरामचिन्हं बहुधा गायब असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी कुणीच घेत नाही. तो खर्डा मुलांकडूनच दुरुस्त करून घ्या, तयार शुद्धलेखनाचा धडा मिळतो.

११. मुलांना माहिती नको, गोष्टच लिहायची असते. फांद्या फुटणारी गोष्ट चालेल?

चालेल, पण आधी फळ्यावर हिशोब करून दाखवा. प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय आणि असे पाच टप्पे म्हटले की ३२ शेवट आणि एकूण ६३ पानं होतात. उत्साहाने सुरू झालेल्या गोष्टी तिसऱ्या टप्प्यावर का मरतात त्याचं कारण हेच.

उपाय म्हणजे फांद्या परत एकत्र आणणं. नायिका जंगलातून गेली काय किंवा नदीवरून, संध्याकाळी ती त्याच घाटावर पोचते. मग घाटाचं पान असं लिहावं लागतं की ते दोन्ही वाटांनी आलेल्यांना पटेल. ओल्या कपड्यांचा उल्लेख केला तर जंगलवाला वाचक गोंधळणार. ही अडचण मुलांना आधी सांगू नका. त्यांची त्यांनाच सापडू दे.

१२. गटात एकच मूल लिहितं, बाकीची बघत बसतात.

पानाला मालक नेमा. प्रत्येकाची दोन पानं स्वतःची, त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही. पण स्वतःच्या पानावरून लिंक मात्र दुसऱ्याच्याच पानाकडे द्यायची. मग सोबत्याचं पान वाचल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि ‘तुझ्या पानावर हे नाहीच, मी लिंक कुठे देऊ?’ असे खरे संपादकीय वाद सुरू होतात. तेवढा गोंगाट सहन करावा. कोणी किती लिहिलं याबद्दल शंका असेल तर सामाईक फाइलची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, उघडा.

१३. वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. त्याला हे जमेल?

जमेल, आणि त्याच्यासाठी केलेल्या सुधारणांनी सगळ्यांचं लेखन सुधारेल. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे बरेचदा पानावरच्या फक्त लिंकांची यादी काढून ऐकतात. त्या यादीत सात वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकू आलं तर उपयोग शून्य. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. संपूर्ण वर्गाला एकदा डोळे मिटून आपापली पानं ऐकू द्या.

मथळे नुसते ठळक करू नका, सॉफ्टवेअरमधली मथळ्याची शैली (हेडिंग) द्या. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत, लिहा. लिंक फक्त रंगाने वेगळी न दाखवता अधोरेखितही ठेवा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा असं वेब सुलभतेचे निकष सांगतात. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं काढणाऱ्या कलाकारांना हा आकडा दाखवावा. ट्वाइनचा नकाशा मात्र ऐकून समजायला अवघड जातो, तिथे क्रमांक दिलेली पानांची यादी द्या.

१४. याला सुरुवात-शेवट नाही. मग तपासायचं कसं?

सगळ्या वाटा वाचायचा हट्ट सोडा. तीन फेऱ्या करा: एक वाट विद्यार्थ्याने सुचवलेली, एक तुमच्या मनाने, आणि शेवटी मधलंच कुठलंतरी पान थेट उघडून. तिसऱ्या फेरीत प्रश्न ७ मधले दोष लगेच सापडतात.

गुण कशाला? पान एकटं उभं राहतं का, लिंकच्या वाक्यात नातं सांगितलंय का, परतीचा रस्ता नसलेलं पान राहिलंय का, आणि नेहमीप्रमाणे भाषा. रंग, हलती चित्रं, लिंकांची संख्या यांना शून्य गुण, आणि हे आधीच जाहीर करा. नाहीतर अर्धा वेळ पार्श्वभूमी निवडण्यात जातो. सोबत विद्यार्थ्याकडून अर्ध्या पानाचं टिपण घ्या: कोणती एक लिंक काढून टाकली आणि का. माझा सर्वाधिक विश्वास या टिपणावर असतो.

१५. ट्वाइनमधलं सगळं काम गायब झालं! परत मिळेल का?

ब्राउझरमध्ये चालणारं ट्वाइन मजकूर त्या संगणकावरच्या त्या ब्राउझरच्या साठ्यातच ठेवतं, इंटरनेटवर कुठेही नाही. कोणी ब्राउझरचा डेटा पुसला की काम गेलं, आणि सहसा परत मिळत नाही. दुसऱ्या संगणकावर बसलात किंवा ब्राउझर बदललात तर मात्र ते हरवलेलं नाही, जुन्याच जागी आहे.

तास संपायच्या आधी प्रत्येकाने फाइल उतरवून घ्यायची, नावात तारीख घालून. सामाईक संगणकांवर याला पर्याय नाही.

१६. एआयकडून लिहून आणलं तर ओळखायचं कसं?

ओळखण्याच्या साधनांवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधनं यंत्राचे ठरवतात, हे २०२३ मधल्याच एका अभ्यासात दिसलं. निरपराध मुलावर आळ घेण्यापेक्षा कामाची रचना बदलणं सोपं आहे.

हायपरटेक्स्टमध्ये ती आपोआप बदलते. एकेक पान यंत्र सहज लिहून देईल. पण सोबत्याने काल लिहिलेल्या पानाशी आपलं पान कुठल्या वाक्यातून जोडायचं, आणि प्रश्न १४ मधलं टिपण, हे वर्गात बसूनच करावं लागतं. शिवाय यंत्राने दिलेल्या बाहेरच्या लिंका उघडून पाहा. अस्तित्वातच नसलेले पत्ते ते बिनदिक्कत देतं.

उघडपणे वापरायचं असेल तर उलट काम द्या: यंत्राकडून एक सलग लेख घ्या आणि मुलांना तो सुट्या पानांत फोडायला सांगा. कुठले परिच्छेद नुसते एकाखाली एक ठेवलेत ते लगेच कळतं.

१७. इंटरनेटवरचं चित्र वापरलं आणि खाली ‘सौजन्य: गूगल’ लिहिलं तर चालतं ना?

नाही. गूगलने चित्र शोधून दिलं, काढलं नाही. मूळ पानावर जाऊन परवाना पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर वापरायला मोकळी केलेली, चित्रं घेतली तर निर्मात्याचं नाव, परवाना आणि मूळ लिंक द्यायची. सर्वांत बरं म्हणजे मुलांनी स्वतः काढलेलं.

१८. मुलांचं काम सर्वांना दिसेल असं ऑनलाइन टाकावं का?

घाई नको. वाचक हवा, पण शेजारचा वर्गही वाचकच आहे. बऱ्याच ऑनलाइन सेवांची किमान वयाची अट १३ वर्षं असते, ती आधी पाहा. टाकायचंच ठरलं तर पालकांची लेखी संमती घ्या, पूर्ण नावं, चेहरे, शाळेचा गणवेश टाळा, आणि मूल पुढे ‘काढा’ म्हणालं तर काढता येईल अशीच जागा निवडा.

१९. वर्षभरात लिंका तुटतात. मागच्या वर्षीचं काम दाखवायला गेलं की अर्धं बंद.

आतल्या लिंका बहुधा फाइलचं नाव बदलल्यामुळे किंवा फोल्डर हलवल्यामुळे तुटतात. सगळी पानं आणि चित्रं एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नेताना फोल्डर अख्खा न्या.

बाहेरच्या तुटणारच. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानाची प्रत साठवता येते. महत्त्वाच्या लिंकसाठी तो पत्ता शेजारी नोंदवा आणि पान कोणत्या तारखेला पाहिलं तेही लिहा. लिंक मेली तरी तिथे काय होतं ते विद्यार्थ्याच्या वाक्यावरून कळलं पाहिजे, प्रश्न ८ मधला नियम इथे उपयोगी पडतो. पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिलं काम हेच देता येतं: जुनी पानं उघडायची, मेलेल्या लिंका शोधायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी लिंक बदलायची, काढायची की वाक्यच नव्याने लिहायचं ते ठरवायचं.